तीन कोटेशनं आणि दोन चुंबळी

जयप्रकाशराव टेंभुर्णीकर महाप्याच्या एका कंपनीत परचेस ऑफिसर होते, आणि तीन कोटेशनं हातात आल्याशिवाय त्यांनी आयुष्यात काहीही विकत घेतलं नव्हतं. कंपनीत तो नियमच होता, ते ठीक. पण घरात साधा मिक्सर घ्यायचा झाला तरी ते तीन दुकानांतून लेखी भाव आणत, कागदावर उभ्या-आडव्या रेघा मारून तक्ता करत, तो फ्रिजला चिकटवत आणि आठ-आठ दिवस त्याच्यापुढे विचार करत उभे राहत. त्या मिक्सरची वाट बघता बघता त्यांच्या बायकोनं, नंदिनीनं, अख्खा गणपती पाट्यावर वाटण वाटून काढला होता.

अशा माणसाच्या घरी सत्त्याण्णव सालच्या दिवाळीनंतर एक कयाक येऊन पडली. कंपनीत मशिनरी बसवायला डेन्मार्कहून एक इंजिनियर आला होता, तिची हौस त्याची. ती कस्टममधून सोडवायची कागदपत्रं जयप्रकाशरावांनी केली होती. दोन वर्षांनी मायदेशी जाताना त्यानं ती त्यांनाच देऊन टाकली. साडेतेरा फूट लांब, पिवळीधमक, फायबरची, दोन्ही टोकांना निमुळती होत गेलेली होडी. सोबत दोन्ही टोकांना पातं असलेलं एक वल्हं आणि एक लाल लाइफ जॅकेट.

ती घेऊन आलेला कंपनीचा टेम्पो नेरूळला सोसायटीच्या फाटकातच अडला, कारण फाटकावर पाच फुटांवर एक आडवा लोखंडी पाइप होता. सोसायटीचे सेक्रेटरीही जयप्रकाशरावच, त्यामुळे पाइपही त्यांनीच बसवलेला. तळमजल्यावरचा कृष्णात शेडगे वाशीच्या मार्केटात माथाडी होता, साताऱ्याकडचा. त्याच्या भावाचा टेम्पो रात्री सोसायटीत उभा राहायचा आणि पहाटे चारला कांद्याचा वास मागे ठेवून निघायचा. लोकांनी तक्रारी केल्या, जयप्रकाशरावांनी तीन कोटेशनं मागवली आणि पाइप चढला. वेल्डिंगचं कोटेशन चढं होतं म्हणून तो नुसता नटबोल्टवर होता. माणसांसाठी बाजूला छोटं फाटक होतं, स्कूटरवाले मान तुकवून आत येत, आणि जयप्रकाशरावांची पांढरी मारुती चार-पाच बोटं राखून बरोबर खालून जाई. माप त्यांनी स्वतः घेतलं होतं.

त्या दिवशी कयाक आत आणली ती कृष्णातनंच. जुन्या कापडाचं वेटोळं करून माथाडी डोक्यावर ठेवतात ती चुंबळ त्यानं डोक्यावर ठेवली, तिच्यावर कयाक पालथी घेतली आणि एकटा चालत जाऊन जिन्याखाली उतरवून आला. पाइपाबद्दल तो चकार शब्द बोलला नाही. तो कधीच बोलत नसे, आणि नेमकं तेच जयप्रकाशरावांना टोचत असे.

आता नंदिनी काय म्हणते हे ऐकायला शेजारणी दारात आल्या होत्या. नंदिनी पुढे आली. खाली वाकून तिनं कयाकीच्या पाठीवरून हात फिरवला, गोठ्यातल्या गाईवरून फिरवावा तसा. ती आचऱ्याकडची. वडील शाळामास्तर, पण घर खाडीच्या अलीकडे आणि शाळा पलीकडे, म्हणून ही पोरगी दहाव्या वर्षापासून स्वतः होडी वल्हवत शाळेत जायची. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती आणि त्या एकोणीस वर्षांत ती कुठल्याही होडीत बसली नव्हती. खाडी नेरूळलाही होती, सोसायटीच्या गच्चीवरून रोज दिसायची. नंदिनी वाळवणं घालायला वर जायची आणि गरजेपेक्षा जास्त वेळ तिथे थांबायची, एवढंच.

"ही पाण्यात कधी जाणार?" तिनं विचारलं.

लग्नानंतर तिनं आपणहून मागितलेल्या गोष्टी एका हाताच्या बोटांवर मोजता आल्या असत्या. आणि हे विचारताना तिचा चेहरा जसा झाला तसा जयप्रकाशरावांनी पूर्वी कधी पाहिला नव्हता. येत्या रविवारी, असं ते म्हणाले, आणि अगदी मनापासून म्हणाले.

खाडीवरच्या सारसोळ्याच्या जेटीपर्यंत कयाक न्यायची तर गाडीच्या टपावरूनच न्यायला हवी. कृष्णातच्या भावाचा टेम्पो होता, पण ज्याला आपण फाटकाबाहेर काढलं त्याच्याकडे टेम्पो कुठल्या तोंडानं मागायचा? म्हणजे टपावर कॅरिअर आलं. आणि कॅरिअर विकत घ्यायचं म्हटल्यावर पुढचं सांगायला नकोच.

पहिलं कोटेशन वाशीच्या दुकानातलं. तयार कॅरिअर, काळा रंग, टपाच्या पन्हाळीला चिमट्यांनी बसणारं. दुकानदारानं छातीठोकपणे सांगितलं की, ह्याच्यावर अख्खी वरात बसवा, हलणार नाही. दुसरं सानपाड्याच्या कुलदीपचं. तो फॅब्रिकेटर, टुरिस्ट गाड्यांची कॅरिअर बनवण्यात हातखंडा असलेला. तिसरं टॅक्सी स्टँडवरचं, एका म्हाताऱ्या टॅक्सीच्या टपावरून उतरवलेलं, ज्याच्यावर आजवर किती पेट्या आणि किती गाद्या गेल्या याचा हिशेब त्या टॅक्सीवाल्यालाही नव्हता.

फ्रिजवर तक्ता लागला. लांबी, रुंदी, वजन, गंज, गॅरंटी, बसवायला लागणारा वेळ, काढायला लागणारा वेळ. रकाने भरेनात म्हणून दुसरा कागद खाली जोडला गेला. वाशीवाल्याकडून गंजाबद्दल खुलासा मागवला. टॅक्सीवाल्याला लेखी द्यायला सांगितलं तेव्हा तो हसत सुटला, म्हणून मग तिसरं कोटेशन बाद झालं. नवं तिसरं कोटेशन शोधण्यात जानेवारी गेला. प्रत्येक शनिवारी नंदिनी विचारायची आणि प्रत्येक शनिवारी जयप्रकाशराव म्हणायचे, "अगं, एकदा घेतलं की बदलता येत नाही. नीट बघायला नको?"

एका शनिवारी फ्रिजमधून दूध काढता काढता तक्ता तिच्या हाताला चिकटून आला. तो तिनं शांतपणे परत लावला. "माझ्या लग्नाला बाबांनी एकच कोटेशन घेतलं होतं," ती म्हणाली. "तीन घ्यायला हवी होती." आणि दूध तापवायला गेली. जयप्रकाशराव त्या रात्री नीट जेवले नाहीत.

इकडे सोसायटीतही असंतोष माजला. जिन्याखालची जागा अडली, सायकली लावता येईनात, वरून कुणीतरी कयाकीत केळ्याची सालं टाकायला लागलं. मार्चच्या सुरुवातीला कमिटीनं ठरवलं की सोमवारपर्यंत वस्तू हलवावी, अन्यथा सोसायटी तिची विल्हेवाट लावेल. नोटीस काढण्याचं काम सेक्रेटरीचं. तेव्हा सेक्रेटरी जयप्रकाश टेंभुर्णीकर यांनी सदस्य जयप्रकाश टेंभुर्णीकर यांना कडक शब्दांत नोटीस लिहिली, जावक नंबर टाकला, सही-शिक्का केला आणि ती स्वतःच्या टपालपेटीत टाकली. संध्याकाळी ऑफिसातून येताना त्यांनी ती बाहेर काढून वाचली आणि त्यांना सेक्रेटरीचा राग आला.

पनवेलकडे एकाचं रिसॉर्ट होतं. तो सोमवारी गाडी पाठवून कयाक न्यायला तयार झाला. जयप्रकाशरावांनी हे खाली मान घालून नंदिनीला सांगितलं.

"द्या देऊन," ती म्हणाली. "पण त्याआधी एकदा ती पाण्यात जाऊ दे."

तिनं भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. रविवारी द्वादशी होती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे खाडीकाठची पोरं पाढ्यांबरोबर शिकतात. बाराची पाऊणपट नऊ. म्हणजे सकाळी नऊला खाडी काठोकाठ भरणार, दहा-साडेदहापर्यंत होडी घालण्यासारखं पाणी राहणार, आणि त्यानंतर सारसोळ्याला नुसता गुडघाभर चिखल. तिनं हे सगळं एका दमात सांगितलं, आणि तिला हे अजून येतं याचं जयप्रकाशरावांना नवल वाटलं. एकोणीस वर्षं ती हे कुणाला सांगणार होती?

मग मात्र त्यांनी धाडस केलं. तक्ता फ्रिजवरून उतरवला आणि कुलदीपला ऑर्डर दिली.

कुलदीपनं काम झकास केलं, यात वाद नाही. शनिवारी संध्याकाळी मारुतीच्या टपावर चकचकीत कॅरिअर बसलं, चारी बाजूंनी चार-चार इंच उंच कठडा, सामान घरंगळू नये म्हणून. जयप्रकाशराव सानपाड्याहून नेरूळला आले ते एक हात खिडकीबाहेर ठेवून. फाटकाशी त्यांनी हॉर्न दिला. बाल्कनीत नंदिनी उभी होती. वॉचमन देवजीनं फाटक उघडलं, गाडी ऐटीत आत शिरली आणि खर्रर्र आवाज करत पाइपाखाली अडकली.

ना पुढे ना मागे. बाल्कन्या भरल्या. जयप्रकाशराव खाली उतरले आणि त्यांनी स्वतः घेतलेल्या मापाकडे बघितलं. देवजी नेरूळ गावातला, जुना माणूस, नियमाला पक्का. त्यानं फाटकावरच्या पाटीकडे बोट केलं.

"सायब, उंच गारीला बंदी हाय," तो म्हणाला. "तुमचीच सही हाय."

शेवटी मागच्या चाकांतली हवा सोडून गाडी मागे घेतली आणि ती रात्रभर रस्त्यावर उभी राहिली, कृष्णातच्या भावाचा टेम्पो एरवी राहायचा त्याच जागी.

रविवारी सात वाजता चाकांत हवा भरून झाली. साडेसातला दोघांनी कयाक उचलून छोट्या फाटकातून बाहेर आणली आणि कॅरिअरवर चढवली. नंदिनीनं पंजाबी ड्रेस घातला होता, ओढणी कमरेला गाठ मारून बांधली होती. जयप्रकाशरावांनी लाल लाइफ जॅकेट घरातूनच चढवलं होतं.

कयाक पुढच्या आणि मागच्या कठड्यावर टेकली आणि पाळण्यासारखी हलायला लागली. जयप्रकाशरावांनी नायलॉनच्या दोरीनं ती बांधली. हलली. आणखी आवळली. ती कलंडली. कोपऱ्यापर्यंत गाडी नेऊन बघितली तेव्हा कयाकीचं टोक घसरत घसरत ड्रायव्हरच्या खिडकीसमोर आलं, जणू पत्ता विचारायला. लांबी, रुंदी, वजन, गंज, गॅरंटी असा सगळा अभ्यास झाला होता. पण होडीचं बूड गोल असतं, ह्याचा रकाना तक्त्यात नव्हता.

आठ वाजले. सव्वाआठ झाले. घामानं जॅकेट अंगाला चिकटलं. "पुढच्या रविवारी आपण..." असं ते सवयीनं म्हणून गेले आणि मध्येच गप्प झाले, कारण पुढचा रविवार नव्हता. नंदिनी रस्त्याच्या कडेला कठड्यावर जाऊन बसली. ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त खाडीच्या दिशेला बघत होती आणि मधूनमधून मनगटावरचं घड्याळ. जयप्रकाशरावांना स्वतःची लाज वाटली.

तेवढ्यात कृष्णात दुधाच्या पिशव्या घेऊन आला. त्यानं गाडीला एक फेरी मारली आणि कयाकीला एका बोटानं ढकललं. ती पुन्हा पाळण्यासारखी हलली.

"सायेब, ह्ये कॅरिअर पेट्या-वळकट्यांसाठी हाय," तो म्हणाला. "ही लोळनारी वस्तू. हिला कठडा न्हाय चालत, बैठक लागती. ह्ये काढा."

नंदिनी उठून आली. टेम्पो मिळेल का, असं तिनं सरळच विचारलं. टेम्पो कांदा आणायला लोणंदला गेला होता. डोक्यावर नेली असती, असं कृष्णात म्हणाला, पण चालत जाण्यातच भरतीचा निम्मा वेळ गेला असता. त्यानं दूध घरात दिलं आणि येताना पान्यांची पिशवी आणली. मागोमाग त्याची बायको प्रेमला जुनं लुगडं घेऊन आली आणि पायरीवर बसून त्याची वेटोळी वळायला लागली.

"टेम्पो आत हुता तवा पाने गाडीतच ऱ्हायचे," कृष्णात बोल्ट सोडवता सोडवता म्हणाला. "बाहेर चोऱ्या हुत्यात. म्हनून घरात ठेवतो."

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. म्हणूनच जयप्रकाशराव कानापर्यंत लाल झाले. त्यांनी दुसरा पाना घेतला आणि दुसऱ्या बाजूचा बोल्ट सोडवायला घेतला. चार महिने निवडलेलं कॅरिअर दहा मिनिटांत फुटपाथवर आलं.

प्रेमलानं दोन मोठ्या चुंबळी बादलीत बुडवून दिल्या. ओलं कापड घसरत नाही. एक चुंबळ टपावर पुढे, एक मागे. टपाला ओरखडे पडतील का, असं जयप्रकाशरावांच्या अगदी ओठांवर आलं होतं, ते त्यांनी गिळलं. कृष्णातनं कयाक पालथी केली आणि चुंबळींवर उतरवली. ती बसली. हलवून बघितलं तर गाडी हलली, कयाक नाही. मग त्यानं काथ्याचा दोर चारी दारं उघडून टपाच्या आतून-बाहेरून फिरवला आणि मार्केटातली गाठ मारली, जी ओढली की आवळते आणि एका झटक्यात सुटते.

पावणेनऊला ते निघाले. दोर आतून टपाखालून गेला होता, त्यामुळे जयप्रकाशरावांना मान तुकवून गाडी चालवावी लागत होती, आपल्या सोसायटीतल्या स्कूटरवाल्यांसारखी. मागे बसलेल्या कृष्णातनं खिडकीतून एक हात वर काढून कयाकीवर ठेवला होता. त्याची गरज नव्हती, पण ओझं हातचं सोडायची त्याला सवय नव्हती.

सारसोळ्याच्या जेटीला पाणी पायऱ्यांना लागलं होतं. कृष्णातनं गाठ ओढली, दोघांनी कयाक उतरवली आणि पाण्यात सोडली. तेव्हा कुठे जयप्रकाशरावांनी तिच्याकडे नीट बघितलं.

बसायला एकच जागा होती.

चार महिने ती जिन्याखाली होती. तिची लांबी त्यांना इंचात पाठ होती. मनातल्या मनात ते कितीदा तरी तीत बसून वल्हं मारत निघाले होते आणि पुढ्यात नंदिनी बसलेली असायची. पुढ्यात जागाच नव्हती. नंदिनीला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ती त्यांच्या अंगावरच्या लाल जॅकेटकडे बघत होती. आताही ती काही म्हणाली नसती. ते बसले असते तर तिनं काठावर उभं राहून हातसुद्धा हलवला असता.

जयप्रकाशराव सोलापूरकडचे, त्यांना पोहता येत नव्हतं. पण त्यांनी जॅकेट उतरवलं ते त्यामुळे नाही. ते त्यांनी नंदिनीच्या अंगात घातलं आणि त्याचे पट्टे एकेक करून आवळले.

"जा," ते म्हणाले. "पाणी उतरेल."

ती बसली. दोन पात्यांचं वल्हं तिला नवं होतं. पहिले दहा-बारा हात कयाक दारू प्यायल्यासारखी इकडे-तिकडे गेली. मग काय झालं कोण जाणे, खांद्यांना काहीतरी आठवलं. होडी सरळ झाली आणि निघालीच. तिवरांच्या कडेनं, एकदाही मागे न बघता, वळणापलीकडे.

जयप्रकाशराव पायरीवर ओली चुंबळ मांडीवर घेऊन बसले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. त्यांच्या मनात नाही नाही ते येऊन गेलं. अर्धा तास झाल्यावर ते उठून उभेच राहिले. कृष्णातनं तंबाखू मळता मळता त्यांना खाली बसायला सांगितलं. वहिनींचा हात बघितला ना, तो म्हणाला, त्या हाताला काही होत नाही.

साडेनऊ उलटल्यावर वळणावर पिवळं टोक दिसलं. ती हळूहळू आली, भिजलेली, बाह्या वर केलेल्या, केस सुटलेले. तोंडानं ती काहीतरी गुणगुणत होती आणि जवळ आल्यावर गप्प झाली. जयप्रकाशरावांनी हात दिला. कसं होतं, हे विचारायची त्यांना गरज वाटली नाही.

कयाक पुन्हा चुंबळींवर चढली आणि ते परतले. फाटकाशी गाडी थांबली, टपावर पालथी कयाक, वर आडवा पाइप. देवजी फाटक उघडून पाटीच्या बाजूला उभा राहिला. जिन्याखाली वस्तू ठेवायची नाही, हे नोटिशीत स्पष्ट होतं. आपल्या गाडीच्या टपावर, आपल्या पार्किंगमध्ये काय ठेवायचं, याबद्दल मात्र सोसायटीचा कुठलाही नियम नव्हता. हे सेक्रेटरीइतकं दुसऱ्या कुणाला माहीत असणार?

जयप्रकाशराव उतरले आणि त्यांनी कृष्णातपुढे हात केला. "पाना द्या."

देवजीनं विचारलं, सायब, कमिटीचा ठराव? जयप्रकाशरावांनी तोवर फाटकाच्या खांबावरच्या पहिल्या बोल्टला पाना लावला होता. दुसऱ्या टोकाला कृष्णात होता. बाल्कन्या पुन्हा भरल्या, कुणीतरी वरून काहीतरी विचारलं. चार बोल्ट निघाले आणि पाइप दोघांनी मिळून भिंतीशी नेऊन ठेवला. पनवेलला फोन करून उद्या गाडी पाठवू नका असं सांगायचं, आणि शेडग्यांच्या टेम्पोला रात्री आत घ्यायचं, एवढी दोन कामं त्यांनी मनात नोंदवली.

ते गाडीत येऊन बसले तेव्हा हात ग्रीसनं माखले होते. नंदिनी ओल्या केसांचं पाणी पिळत होती.

"बाबांनी एकच कोटेशन घेतलं होतं," ती समोर बघत म्हणाली. "तरी माल वाईट नाही निघाला. डिलिव्हरीला तेवढी एकोणीस वर्षं लागली."

जयप्रकाशरावांनी पहिला गिअर टाकला आणि गाडी आत घेतली.